मेंढीकोट खेळणाऱ्या सिस्टर

त्या रविवारी माझा फोन चालू होता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गावाला नाही, आणि ज्यांना सांगताना संकोच वाटायचं काही कारण नव्हतं त्या सुजाता सिस्टरनाही नाही. सगळ्यांना सांगितलं ते असं, की चार्जिंग संपलं होतं. खरं असं, की परतूरच्या घरी जेवून मी आडवा झालो होतो, फोन उशाशी होता, त्यावर शाळेच्या गावातल्या कोंडिबाकाकांचं नाव उमटलं आणि मी तो पालथा घातला. सुट्टीच्या दिवशी कोंडिबाकाकांचा फोन म्हणजे शाळेचा नळ नाहीतर नातवाचा दाखला, अशी माझी समजूत. फोन थरथरत राहिला. मी कूस बदलली.

दुधनेकाठच्या ज्या गावात मी मुख्याध्यापक आहे, तिथं त्या वेळी पाणी चढत होतं. शाळा उंचावर. सगळं गाव पोराबाळांसकट शाळेच्या फाटकापाशी आलं, आणि फाटकाला कुलूप. किल्ली माझ्या खिशात, परतूरला. दुसरीकडचे लोक असते तर त्यांनी कुलूप तोडून आत शिरायला क्षणभर विचार केला नसता. आमचे लोक गुडघाभर पाण्यात उभे राहिले. गुरुजींची शाळा, गुरुजी फोन उचलतील, येतील, उघडतील. पाणी कमरेला लागलं तेव्हा कोंडिबाकाकांच्या सुनेनं, मीरानं, दगड उचलला. कुलूप तोडताना ती "गुरुजी, माफ करा" म्हणाली, असं मला नंतर चारचौघांनी कौतुकानं सांगितलं.

माणसं सगळी वाचली. पण दोन्ही नातवंडं खांद्यावर घ्यायची म्हणून कोंडिबाकाकांनी हातातला गाईचा दोर सोडला होता. गाय गेली.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर गावकऱ्यांनी नवं कुलूप आणून ठेवलेलं. कोंडिबाकाकांनी ते किल्ल्यांसकट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जुनं खराब झालं गुर्जी, आमच्या हातनं. राग मानू नगा."

मला कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. त्यानंतर माझी झोप गेली आणि भूकही.

पण मला लिहायचं आहे ते सिस्टरांवर.

पुरानंतर तिसऱ्या दिवशी त्या एका टेम्पोतून उतरल्या, पिण्याच्या पाण्याच्या जारांच्या मधून वाट काढत. वय साठीला टेकलेलं, अंगावर सुती पातळ आणि पायात पोरांसारखे कॅनव्हासचे बूट. आख्खं गाव तेव्हा शाळेत राहत होतं. पहिलीच्या वर्गात म्हाताऱ्या, सातवीच्या वर्गात बाळंतिणी, व्हरांड्यात पुरुष. उतरल्या उतरल्या त्यांनी मोठ्यानं विचारलं, "छावणीवर कोण हाय?"

कोंडिबाकाका पायरीवर बसले होते. ते फिस्कारले. "छावणी जनावरांची असती बाई. दुष्काळात. इथं माणसं हायेत."

सिस्टर इतक्या जोरात हसल्या की आत झोपलेलं एक पोर जागं झालं. "बराबर! मी आजवर लई छावण्यांमधी राह्यले, दुसऱ्या देशांत. तिथले लोक पण पहिल्या दिवशी मला हेच बोलले, त्यांच्या भाषेत."

"कुठले लोक?"

"गाव सोडून पळालेले. लढाईला भिऊन. तुमचं गाव इथून दिसतं तरी, काका. त्यांना देशच दिसत न्हवता."

काका जरा नरमले. "मंग तुम्ही तिथं काय करायच्या?"

"नर्स हाय मी. मनाच्या दुखण्याची."

"म्हंजी येड्यांची?"

"हां. म्हणून तर सरळ तुमच्याकडंच आले."

पायरीवरची सगळी माणसं हसली. पुरानंतर शाळेत ऐकलेलं ते पहिलं हसू. काकांनी सरकून जागा दिली.

सिस्टर मूळच्या आष्टीच्या, बुद्धवाड्यातल्या. शिकल्या, सरकारी दवाखान्यात राहिल्या, मग एका परदेशी संस्थेबरोबर निर्वासितांच्या छावण्यांमध्ये गेल्या आणि तिथं वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं काम उपचारांचं होतं, पण त्याहून जास्त शिकवण्याचं. छावणीतल्याच बायकापुरुषांना तयार करायचं, म्हणजे बाहेरची माणसं निघून गेली तरी आतली एकमेकांना सांभाळतील. एवढं सोडून त्यांच्या आयुष्याबद्दल मला फारसं ठाऊक नाही. विचारलं की म्हणायच्या, "माझं काय घेऊन बसलात? चहा सांगा." चहा त्यांना बशीतून लागायचा आणि इतका गोड, की आमच्या स्वयंपाकीणबाई म्हणायच्या, "सिष्टर, हा चहा न्हाई, पाक हाय."

त्यांची काम करायची रीत बघून पहिल्यांदा वाटायचं, ह्या बाई काम करतात तरी कधी? टॅंकर आला की हंडा घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. पाणी त्यांना नको असायचं. नंबर आला की शेवटी जाऊन पुन्हा उभ्या. मी एकदा म्हणालो, "सिस्टर, कार्यालय रिकामं करून देतो. टेबल-खुर्ची आहे, एकेकाला बोलवा."

"टेबलापाशी बोलावलं की माणूस पेशंट होतो, गुर्जी. मंग तो सांगतो, मला काही न्हाई, माझ्या जावेला न्या. रांगेत पुढची बाई मागच्या बाईला सगळं सांगती. आपण फक्त मागं उभं राह्याचं."

आणि बोलायच्या त्या अगदी साध्या गोष्टी. काल झोप लागली का? काय खाल्लं? कुणाशी भांडलात? हा शेवटचा प्रश्न त्यांच्या फार आवडीचा. दोन बायका बादलीवरून हमरीतुमरीवर आल्या की मी सोडवायला धावायचो आणि सिस्टर मला मागं ओढायच्या. "राहू द्या. भांडून राह्यल्या ना? मंग त्या माझ्या कामाच्या न्हाईत, त्यांचं बरं चाललंय. मला तो दाखवा, ज्याची बादली कुणी नेली तरी जो बोलत न्हाई."

संध्याकाळी पाचवीच्या वर्गात प्रशिक्षण. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, आम्ही शिक्षक. मीरा आमच्या गावची आशा, ती पहिल्या रांगेत. मीही नाव घातलं होतं. शाळा माझ्या ताब्यात, म्हणून मी मदतनीस, असं सगळे समजत होते. आजही समजतात.

पहिल्याच दिवशी सिस्टरनी स्वयंपाकघरातून कांद्याचं पोतं ओढत आणलं आणि मध्ये ठेवलं. "एक वाक्य बंद. 'होईल सगळं बराबर.' जो म्हणंल त्यानं इथं बसून कांदे सोलायचे. उद्याच्या भाजीचे."

"पण सिस्टर," मीरा म्हणाली, "धीर तर द्यायला पाहिजे ना माणसाला?"

"मी पण द्यायचे. पहिल्या छावणीत एका बाईला म्हणलं, सगळं बराबर होईल. तिनं इचारलं, कधी? मी आपली गप. ती म्हणली, न्हाई, तुम्ही सांगितलं म्हणजे तुम्हाला तारीख माहीत असंल. सांगा." सिस्टर त्या आठवणीनंही हसल्या. "तवापासून मी ते वाक्य सोडलं."

सोडणं सोपं नव्हतं. आमच्याकडं ते वाक्य रामरामासारखं तोंडातून निघतं. पहिल्या आठवड्यात आख्खा वर्ग कांदे सोलत होता. माझा वाटा मोठा. सरपंचांनी सोलले. टॅंकरच्या ड्रायव्हरनं सोलले. त्याचा प्रशिक्षणाशी काही संबंध नव्हता, तो फक्त दारात उभा राहून एका म्हातारीला धीर देत होता.

मग एक दिवस तालुक्यातले एक पुढारी भेट द्यायला आले. पांढरेशुभ्र कपडे, मागं माणसं. व्हरांड्यात एका आजीचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "आई, बिलकुल काळजी करायची नाही. होईल सगळं बराबर." आमच्या सगळ्या आशाताईंच्या माना एकदम पोत्याकडं वळल्या. सिस्टर पुढं झाल्या. "साहेब, इथं एक नियम हाय." मला वाटलं, आता संपलं. पण साहेब गडी चांगला. नियम ऐकला, बाह्या सारल्या आणि बसला मांडी घालून. चौथ्या कांद्याला डोळ्यांतून धारा लागल्या. तसंच डोळे पुसत ते सांगायला लागले, लहानपणी त्यांचंही घर पडलं होतं, आई भिंतीखालची भांडी कशी उकरत होती, आणि हे आजवर आपण कुठल्याच भाषणात सांगितलं नाही. आमच्या बायका शिकवल्याप्रमाणं नुसत्या ऐकत होत्या. शेवटी त्याच आजीला राहवेना. तिनं साहेबांच्या पाठीवरून हात फिरवला. "नगं रडू बाबा. होईल सगळं बराबर."

सिस्टरनी तिच्याही पुढं कांदा ठेवला.

दुपारी मेंढीकोट. हा सिस्टरांचा जीव की प्राण. चौघं खेळणार, समोरासमोरचे जोडीदार, चारी दश्श्या ज्यांनी जिंकल्या त्यांचा कोट. दुसऱ्या देशातल्या छावणीतही त्यांनी हाच खेळ शिकवला होता. "तिथं आजपण खेळतात. आणि भांडण लागलं की शिव्या मराठीत देतात, कारण शिकवल्याच तशा." पण सिस्टर खेळात भयंकर लबाड. ज्या रंगाचं पान पडलं तो रंग हातात असला तर तोच टाकायचा, हा पहिला नियम. सिस्टर तो रंग हातात असताना बिनदिक्कत हुकूम टाकून डाव कापायच्या. पकडलं की "अगंबाई, दिसलंच न्हाई, चष्मा बदलाया झाला." समोरचे चिडायचे, ओरडायचे, पत्ते फेकायचे. मला पुष्कळ दिवसांनी उमजलं, की त्या पत्त्यांकडं बघतच नसायच्या. कोण ओरडतं आणि कोण ओरडत नाही, ते बघायच्या.

मी ओरडत नसे. मला त्या मुद्दाम जोडीदार घ्यायच्या.

एकदा डाव वाटता वाटता माझा फोन वाजला. मी उचलला. कर्ज हवं का म्हणून विचारणारी कुणी मुलगी होती. मी तिचं सगळं ऐकून घेतलं, नको म्हणालो, आभार मानले. सिस्टर पिसत होत्या. हळूच म्हणाल्या, "फोन लई जल्दी उचलता गुर्जी तुम्ही."

"सवय आहे."

"पहिली घंटी पुरी पण होऊ देत न्हाई. वर्गात, जेवताना. काल तर साबण लावलेल्या हातानं उचलला."

मी फोन खिशात ठेवला. त्यांनीही पुढं विचारलं नाही. पानं वाटली.

मग तो दिवस. सिस्टर आणि मी एका बाजूला, कोंडिबाकाका आणि मीरा दुसऱ्या बाजूला. सिस्टरनी इस्पिकचं पान हातात असताना डाव कापला. इतका उघड, की पान मला दिसलं, आणि मला ते दिसलेलं काकांनाही दिसलं.

"सिष्टर! पान असून कापलं!"

"कोण म्हणतं? गुर्जींना इचारा. ते सांगतील ते खरं."

"सांगा गुर्जी. तुम्ही बघितलंय."

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, काका."

काकांनी पत्ते खाली आपटले. "लक्ष नव्हतं! तुमचं लक्ष असतं तरी कधी? त्या दिवशी तरी होतं का? पोरं खांद्यावर घिऊन उभा होतो मी फाटकापुढं. गाय हंबरत होती. मी तिला सांगून राह्यलो, थांब, गुर्जी येतील, थांब!"

"मामा, गप बसा," मीरा म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बोलू दे त्यांना," सिस्टर म्हणाल्या.

"कुठं गेल्ता तुम्ही? सगळा गाव पाण्यात, आन् गुर्जी कुठं?"

आणि माझ्या तोंडून जे आलं त्याची मला स्वतःलाच कल्पना नव्हती. मी उठून उभा राहिलो. "मग तोडायचं होतं ना कुलूप! कुणी सांगितलं होतं वाट बघायला? लोखंडाचं कुलूप ते, देव होता का तो?"

"तुमचं होतं म्हणून न्हाई तोडलं!"

"माझं कसलं? शाळा तुमची आहे, तुमच्या पोरांची आहे!"

"आता सांगून राह्यले! आधी सांगायचं होतं!"

"आणि वर नवं कुलूप आणून देता? माफी मागता माझी? जीव नकोसा केलात तुम्ही माझा, काका! एक शिवी तरी द्यायची होती!"

"मंग घ्या की आता!" म्हणून काकांनी जी सुरुवात केली, ती मी इथं लिहू शकत नाही. सगळी शाळा गोळा झाली. मी ओरडत होतो, काका ओरडत होते, दोघांचे डोळे वाहत होते. मध्येच दम घ्यायला थांबलो तर खालून शांत आवाज आला.

"भांडा तुम्ही. चारी दश्श्या माझ्याकडं आल्या. कोट झाला."

आम्ही खाली बघितलं. सिस्टरनी सगळे पत्ते गोळा करून दश्श्या ओळीनं मांडल्या होत्या. काका क्षणभर बघत राहिले आणि एकदम हसायला लागले, पोट धरून. "गुर्जी, ही बाई आपल्याला लुटून राह्यली!" मीरा हसली, व्हरांडा हसला, मीही हसलो. काकांनी मला हाताला धरून खाली बसवलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "पण फोन का न्हाई उचलला, गुर्जी?"

उत्तर द्यायला तेवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती.

"बंद होता, काका. चार्जिंग नव्हतं."

"बरं," काका म्हणाले. "मशीनच ते. त्या पावसात मला घंटी पण नीट ऐकू आली न्हाई."

सिस्टर पत्ते पिसत होत्या. त्यांचा हात जरासा थांबला आणि पुन्हा चालू झाला.

त्या दिवशी मी पंगतीला बसलो आणि दोन भाकरी खाल्ल्या. स्वयंपाकीणबाईंनी तिसरी न विचारता टाकली. झोपही आली. गाव माझ्याशी पुन्हा भांडू लागलं: नळावरून, खिचडीवरून, पोराला मागं का बसवलं यावरून. इतकं सुख मला कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

पाणी ओसरलं, घरं उभी राहिली, शाळा रिकामी झाली. सिस्टरना दुसऱ्या एका देशातल्या छावणीचं बोलावणं आलं, तिथल्या लोकांना शिकवायला. आम्ही तिघं त्यांना परतूरच्या स्टेशनवर सोडायला गेलो. काकांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. "तिकडं काय खायला घालतात कोण जाणं." मीरा त्यांच्या पाया पडायला वाकली तर सिस्टरनी तिला वर ओढलं. "पाया काय पडतीस? आता संध्याकाळचा वर्ग तू घ्यायचा. मास्तरीण हायेस."

"जमंल का मला, सिस्टर?"

सिस्टरनी तोंड उघडलं, मिटलं, आणि तिचे दोन्ही हात नुसते धरून ठेवले.

गाडी येताना दिसली. मी त्यांची पिशवी उचलली आणि डब्यापर्यंत गेलो. चढता चढता त्या म्हणाल्या, "गुर्जी, त्या दिवशी भांडलात ते झ्याक झालं. पण निम्मंच बोललात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय कळलं? मला काहीच कळलं न्हाई." आणि त्या आत गेल्या.

खिडकीतून आम्हाला दिसलं, ते असं: सिस्टरनी बूट काढून पाय वर घेतले, समोरच्या अनोळखी माणसांशी काहीतरी बोलल्या, आणि पानं वाटायला सुरुवातही झाली. गाडी हलली. आम्ही हात हलवत राहिलो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. डबा पुढून जाताना आतून एका माणसाचा चिडलेला आवाज आला, "ओ ताई, असं चालत न्हाई, हां!" तो उभा राहून हातवारे करत होता, आणि सिस्टर हसत होत्या. तेवढंच दिसलं. मग मागचे डबे.

आता मीरा तालुक्यात प्रशिक्षण देते. कांद्याचं पोतं असतंच. मलाही ती बोलावते, आणि न लाजता कसं बोलावं हे मी नव्या आशाताईंना सांगतो. कोंडिबाकाकांनी नवी गाय घेतली आहे. शाळेवरून जाताना ते रोज हाक मारतात, नळ गळतो म्हणून रोज भांडतात.

काकांना वाचता येत नाही, म्हणून हे लिहिणं मला सोपं गेलं, हेही कबूल करतो. मीराला वाचता येतं, आणि ती वाचून त्यांना सांगेल. त्याआधी काकांच्या ओट्यावर जाऊन, त्यांच्यासमोर बसून, फोन चालू होता, तुमचं नाव मी वाचलं होतं आणि उचलला नाही, एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.